अक्षतांची सीडी

मित्रांनो, स्वतःची ओळख करून देताना माझी जरा पंचाईत होते. तुमच्या घरी लॅपटॉप असेल तर त्याच्या कडेवरून बोट फिरवून बघा. एखादी लांबट खाच हाताला लागली, तर ते माझ्या नात्यातल्या कुणाचं तरी घर. नाही लागली, तर आपला संबंध आलेला नाही आणि आता येण्याची शक्यताही नाही. मी डीव्हीडी रायटर. बटण दाबलं की संगणकाच्या पोटातून बशीसारखी जीभ बाहेर काढणारा, तिच्यावर चकती ठेवली की आत नेऊन गरगर फिरवणारा, आणि चकतीवर काय आहे ते उजेडानं वाचून पडद्यावर दाखवणारा. चकतीला सगळे सीडी म्हणत. खरं तर ती डीव्हीडी असे. पण नेवासा फाट्यावर हा फरक कुणी पाळला नाही आणि मीही कधी मनाला लावून घेतला नाही.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. कोणत्या देशात, ते माझ्या पाठीवरच्या कागदावर छापलेलं होतं. पुढं तो कागद उंदरानं खाल्ला, तेव्हापासून मी स्थानिकच समजला जातो. श्रीरामपूरच्या एका दुकानातून मला श्रीमंतनं विकत घेतलं आणि एसटीनं नेवासा फाट्यावर आणलं. सगळा रस्ता मी त्याच्या मांडीवर होतो. त्यानंतर मला कुणी मांडीवर घेतलेलं नाही.

श्रीमंत लग्नाचे फोटो काढायचा आणि व्हिडिओ शूटिंग करायचा. त्याच्या काळ्या संगणकात मला बसवलं, आणि रोहिणीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, हळदकुंकू लावून माझी पूजा केली. माझ्या खालच्या खणात फ्लॉपीची खाच होती. ती कुणाशी बोलत नसे. मला वाटायचं, शिष्ट आहे. ती का बोलत नसे ते मला आता कळतं.

माझ्या आत एक डोळा आहे, काचेचा, मसुराच्या डाळीएवढा. त्यातून बारीक उजेड पडतो. वाचायचं असलं की मंद, लिहायचं असलं की कडक. लिहिणं म्हणजे चकतीला बारीक बारीक चटके देणं. लोक त्याला ‘सीडी मारणं’ म्हणत. लग्नसराईत मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत सीड्या मारायचो. माझा डोळा तापायचा, श्रीमंत टेबलावरचा पंखा माझ्याकडं वळवायचा आणि स्वतः घामानं निथळत बसायचा. माणसापेक्षा माझी काळजी जास्त घेतली जाण्याचे ते दिवस होते. गिऱ्हाईक दारातून विचारायचं, “झाली का सीडी?” आणि श्रीमंत माझ्याकडं बोट दाखवून म्हणायचा, “त्याला विचारा.” एवढा मान तालुक्यात फार थोड्यांना होता.

श्रीमंतला कला होती, हे मी नाकारत नाही. नवरी कधी बदामात दिसायची, कधी उमलत्या गुलाबात. एका लग्नात तर नवरा हंसाच्या पोटातून आला. आवाजाच्या बाबतीत मात्र त्याचं एक ठाम मत होतं. लग्नात माणसं जे बोलतात, ते ऐकण्यासारखं नसतं. पाव्हण्यांची रुसवाफुगवी, आचाऱ्याची हाक, हरवलेल्या चपलेची चौकशी, हे सगळं तो काढून टाकायचा आणि वर सिनेमाची गाणी चढवायचा. तीन तासांच्या सीडीत माणसं तोंडं हलवायची आणि गाणी वाजायची. त्याबद्दल कुणाची कधी तक्रार आली नाही. आपण काय बोललो होतो हे प्रत्येकाला माहीत होतं. तेव्हा.

आता ज्या सीडीसाठी मी हे सगळं सांगतोय, तिच्याकडं येतो.

ते रुपालीचं लग्न. दोन हजार अकराचा वैशाख. तिचे आईवडील, कडूबाई आणि गहिनीनाथ, पूर्वेकडच्या कोरडवाहू भागातले. थोडी जमीन, तीही पावसाच्या मर्जीवरची. दिवाळी झाली की बैलगाडी जुंपून ऊस तोडायला कारखान्यावर जायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं, हे त्यांचं वर्ष. लग्न उन्हाळ्यात झालं. श्रीमंत एडिटिंगला बसला. ऐन अक्षतांच्या ठिकाणी एक गाणं संपून दुसरं चढवायचं होतं, तेवढ्यात लाईट गेली. लाईट आल्यावर त्यानं दुसरं गाणं चढवलं, पण चार सेकंद पुढं. मधली चार सेकंदं तशीच राहिली. उघडी. तिथं मांडवातला खरा आवाज होता. श्रीमंतला ते दोन सीड्या मारून झाल्यावर कळलं. “चार सेकंदांनी काय होतंय,” तो म्हणाला. त्याच्या सगळ्या कारकिर्दीत ही एक चूक झाली असं तो मानतो. माझा हिशेब वेगळा आहे.

दोन सीड्यांपैकी एक सासरी गेली आणि एक माहेरी. माहेरची घ्यायला कडूबाई आली ती दिवाळीनंतर, कारखान्याला निघायच्या आदल्या दिवशी. सीडी पाहायला घरात ना टीव्ही होता ना यंत्र. “उन्हाळ्यात बघू,” असं ती म्हणाली.

मित्रांनो, माझा पडता काळ कधी सुरू झाला, हे मला नेमकं सांगता येणार नाही. आधी पेन ड्राईव्ह आला. बोटाएवढा, बिनआवाजाचा, आणि कुणी पूजा केली नाही तरी चालणारा. मग सगळं मोबाईलवर गेलं. श्रीमंत ड्रोन घेऊन लग्नाआधीच नवरा-नवरीला भंडारदऱ्याला नेऊ लागला आणि धरणाच्या काठी त्यांना एकमेकांकडं धावायला लावू लागला. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं बदलत गेली. आधी ‘फोटो स्टुडिओ’, मग ‘डिजिटल’, आता ‘झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाईन फॉर्म, ड्रोन’. नवा संगणक आला तेव्हा श्रीमंतनं दुकानदाराला विचारलं, “ह्यात सीडी कुठं घालायची?” दुकानदार नुसता हसला. श्रीमंतही हसला. मी टेबलाखालून ऐकत होतो.

सीड्यांचं काय झालं तेही ऐका. त्या चमकतात, म्हणून लोकांनी त्या दोऱ्याला बांधून बाजरीत टांगल्या. पाखरं घाबरतात म्हणे. डाळिंबाच्या बागेत टांगल्या. उसाच्या बैलगाड्यांना मागं बांधल्या, म्हणजे अंधारात मागून येणाऱ्या ट्रकला गाडी दिसते. मी कडक उजेडानं एकेक ठिपका पोळवून लिहिलेली लग्नं कारखान्याच्या रस्त्यावर बैलांच्या मागं लुकलुकत गेली. कुणाची वरात, कुणाची हळद. रुपालीच्या सासरची सीडी अशीच बाजरीत गेली. तिथं उन्हानं तिच्यावरचं सगळं पुसून निघालं. पाखरांना त्याचा फरक पडला नसावा.

माझ्या डोळ्याला अधूपणा आला तो मात्र प्रेमानं. खंडेनवमीला दुकानातल्या सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. एका वर्षी रोहिणीनं माझी बशी बाहेर काढली, तिच्यावर चिमूटभर कुंकू आणि झेंडूचं फूल ठेवलं, नमस्कार केला आणि बशी आत ढकलली. फूल तिनं दुसऱ्या दिवशी काढलं. कुंकू आत राहिलं. ते माझ्या डोळ्यावर बसलं आणि तेव्हापासून मला जग तांबूस दिसतं. रोहिणीला हे माहीत नाही. कुणी सांगू नये.

पुढं चार वर्षं मला वीज मिळाली नाही. माझ्या डोक्यावर कागदांचे गठ्ठे होते आणि समोर रोहिणीच्या चपला.

गेल्या वैशाखात दुपारच्या वेळी दोन माणसं दुकानात आली. मी आवाज ओळखला नाही. चौदा वर्षांत कडूबाईचा आवाज खूप खाली गेला होता.

“भाऊ, ही लावून देता का?” तिनं पिशवीतून साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली सीडी काढली.

श्रीमंतनं सीडीवरचं स्वतःच्याच अक्षरातलं नाव वाचलं. “मावशी, आता हे कुठंच चालत नाही.”

“आसंच म्हनत्यात समदे,” गहिनीनाथ म्हणाला. “शेवगावात गेल्तो, नगरला गेल्तो. एक जन म्हनला, बाबा, ही भिताडाला लावा, ब्येस दिसंल.”

“तुमच्या पोरीलाच विचारा की, सासरच्यांकडं दुसरी होती,” श्रीमंत म्हणाला. त्याला काही माहीत नव्हतं.

“पोरगी गेली,” गहिनीनाथनं सांगितलं. “दोन वर्सं झाली. ताप डोक्यात गेला. आमी उसाला हुतो. पोचलो तवर समदं उरकलं हुतं.”

दुकानातलं झेरॉक्स मशीन तेवढं चालू होतं. रोहिणीनं ते बंद केलं.

“फोटू हायेत मोबाईलमधी,” कडूबाई म्हणाली. “पर फोटू बोलत न्हाईत. आन् भाऊ, म्यां तिचं लगीन बघितलंच न्हाई.”

“म्हणजे? तुम्ही होतात की. मी स्वतः शूटिंग केलंय.”

“अक्षता पडताना पोरीच्या आईनं बघायचं नसतंय आमच्यात. तुळशीला पानी घालत बसायचं मागच्या अंगाला. म्यां बसले. म्हनलं, शिडीत बघू की. मंग उसाला गेलो. मंग ती दिवाळीला यायची, पंचमीला यायची. पोरगी म्होरं बसलेली आसताना शिडी कशाला बघायची?”

 आता या बाईला एकच गोष्ट हवी होती. अक्षता पडताना आपली मुलगी कशी उभी होती, हे पाहणं आणि जमलं तर तिचा आवाज ऐकणं. आणि ते ज्याच्यात होतं, ती सीडी वाचू शकेल असा त्या दुकानात मी एकटा होतो.

श्रीमंतनं खाली वाकून कागदांचे गठ्ठे काढले. पुसलं. वायर लावली. संगणक बराच वेळ कुरकुरला आणि मग सुरू झाला. त्यानं तारीख दाखवली ती एक जानेवारी दोन हजार दोन. मध्ये काहीच झालेलं नाही, अशी त्याची समजूत होती. मला त्याचा हेवा वाटला.

बटण दाबलं, पण माझी बशी बाहेर येईना. आतला रबरी पट्टा कडक झाला होता. माझ्या तोंडावर एक बारीक भोक आहे, त्यात टाचणी खुपसली की मी नाइलाजानं उघडतो. “टाचणी आहे का गं?” श्रीमंतनं विचारलं. रोहिणी ड्रॉवर उचकू लागली. कडूबाईनं बांगडीला अडकवलेली पिन काढली, सरळ केली आणि पुढं धरली. मी उघडलो.

“हे काय लावलंय?” श्रीमंतनं सीडी उलटी करून पाहिली. चकाकत्या बाजूला कुंकवाचं बोट उमटलेलं होतं.

“त्ये हिनं लावलं,” गहिनीनाथ म्हणाला. “म्यां शिडी गाडीला मागं बांधाया काढली हुती. ही आली आन् हातातून हिसकली. वर मलाच म्हनती, पोरीला उसाच्या गाडीला बांधता व्हय. कुकू लावून पेटीत ठिवली.”

“मग कुंकू पलीकडून लावायचं ना, मावशी. ही वाचायची बाजू आहे.”

“तिकडून तुमचं काळं अक्षार हुतं. त्वांड इकडंच दिसलं मला.”

श्रीमंतनं मऊ फडक्यानं आतून बाहेर असं हळूहळू पुसलं. कुंकू गेलं, डाग राहिला. त्यानं सीडी माझ्या बशीत ठेवली. चार वर्षांनी माझ्या जिभेवर काहीतरी आलं होतं.

आधी त्यानं ती सगळी उतरवून घ्यायचा प्रयत्न केला, म्हणजे पेन ड्राईव्हवर देता आली असती. मला ते जमलं नाही. दोनदा जमलं नाही. “कॉपी घेत नाही,” तो म्हणाला. “नुसती चालवून बघू. चालेल तेवढी चालेल.”

चालली. हळद दिसली. गुलाबातून रुपाली उमलली, वीस वर्षांची, नाकात नवी नथ, सारखा हात नथीकडं. कडूबाई खुर्चीच्या कडेवर बसली होती.

“ह्यो काळ्या केसांचा कोन?” तिनं विचारलं.

“मीच की,” गहिनीनाथ म्हणाला.

“बरा हुतात.”

थोड्या वेळानं रुपाली कॅमेऱ्याकडं बघून काहीतरी बोलली. बरंच बोलली आणि हसली. वर सिनेमातलं कुणीतरी बर्फात गात होतं.

“भाऊ, ती बोलती हाय. आवाज वाढवा.”

“मावशी, हा गाण्याचा आवाज आहे.”

“मंग गानं बारीक करा आन् तिचा मोठा करा.”

श्रीमंतनं घसा साफ केला. “तसं होत नाही. तिचा आवाज ह्यात नाही. मी काढून टाकलाय.”

“का?”

श्रीमंतला सीडीबद्दल ‘कसं’ आणि ‘कधी’ विचारलं असतं तर तो तासभर बोलला असता. का, हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तो पडद्याकडं बघत राहिला. मीही त्यात होतो, मित्रांनो. ती गाणी मीच पोळवून लिहिली होती.

 कडूबाई रुपालीचे ओठ वाचायचा प्रयत्न करत होती.

मग तो डाग आला. चित्राचे चौकोन झाले. रुपालीचा चेहरा एकीकडं आणि मुंडावळ्या दुसरीकडं गेल्या, गाणं अडखळलं आणि थांबलं. मी पुढं जायचो, मागं यायचो, पुन्हा त्याच जागी चाचपडायचो. माझ्या डोळ्यावर रोहिणीचं कुंकू होतं आणि चकतीवर कडूबाईचं. दोघींनी ते चांगल्या मनानंच लावलं होतं.

“गेली का?” कडूबाईनं विचारलं.

“थांबा, मावशी,” रोहिणी म्हणाली. तिनं मोबाईल काढला आणि पडद्यासमोर धरला.

मी उरलासुरला सगळा उजेड एकत्र केला. असा जोर मी लग्नसराईतही लावला नव्हता. खरखर झाली, दुकानातले सगळे माझ्याकडं बघायला लागले, आणि चित्र पुढं सरकलं. अंतरपाट. मागं रुपाली, हातात हार, शेजारी करवली. तांदूळ उडत होते. बर्फातलं गाणं संपलं.

आणि चार सेकंदं उघडी पडली.

मांडवाचा गलका. भटजींचा चढलेला सूर. आणि त्यात रुपालीचा आवाज, अगदी जवळून, करवलीकडं मान वळवून विचारलेला.

“आई कुठंय गं?”

“आसंल तिकडं. गप हुबी ऱ्हा,” करवली म्हणाली.

रुपालीनं तरी मान वळवून मागं पाहिलं. सरळ कॅमेऱ्याकडं. सरळ खुर्चीच्या कडेवर बसलेल्या बाईकडं.

“तुळशीपाशी हाय गं,” कडूबाई म्हणाली. “हितंच हाय.”

मग दुसरं गाणं सुरू झालं, आणि माझा डोळा विझला. पडद्यावर रुपाली मान वळवलेली तशीच थांबली.

 श्रीमंत म्हणाला, “परत लावू का, मावशी?”

परत लावली असती तर मी चाललो नसतो. हे फक्त मला ठाऊक होतं.

“नगं,” कडूबाई म्हणाली. “सांगितलं की तिला.”

“माझ्या मोबाईलमध्ये आलंय,” रोहिणी म्हणाली. “काकांच्या मोबाईलवर टाकून देऊ?”

“नगं बाई. ती सारखं इचारीत बसंल.”

पिन पुन्हा माझ्या तोंडात गेली. सीडी बाहेर आली. कडूबाईनं ती साडीच्या तुकड्यात गुंडाळली नाही. गहिनीनाथच्या हातात दिली. “बांधा ही गाडीला औंदा. संगट येऊ द्या तिला उसाला.”

गहिनीनाथनं सीडी सदऱ्याच्या आत ठेवली. दोघं उन्हात एसटीची वाट बघायला गेली.

त्यानंतर मला कुणी लावलेलं नाही. माझ्यावर पुन्हा कागदांचे गठ्ठे आले आहेत. भंगारवाला दिवाळीत येईल, त्याच्याशी बोलणं झालंय. ती चार सेकंदं रोहिणीच्या मोबाईलमध्ये अजून आहेत. तिनं ती पुसली नाहीत आणि कुणाला दाखवलीही नाहीत. तो मोबाईलही एक दिवस जुना होईल. मी त्याला अजून काही बोललेलो नाही. तो मला शिष्ट समजत असावा.

मित्रांनो, माझ्यावर दया करा असं मी म्हणणार नाही. तुमच्या घरात माझ्यासाठी खाच नाही, तर दया ठेवणार कुठं? पण कपाटात, पेटीत, साड्यांच्या घडीत एखादी चकती असेल. माझ्यासारखा एखादा म्हातारा अजून कुठं जिवंत आहे तोवर ती लावून बघा. माणसं घरात आहेत तोवर त्यांच्या बोलण्यावर गाणी चढवू नका. आणि चकतीतून कुणी काही विचारलं, तर आसपास कोण बसलंय याचा विचार न करता उत्तर द्या.

मी आयुष्यात हजारो लग्नं लिहिली. उत्तर मिळालेलं हे एकच.